जुन्या प्रयोगशाळेतल्या लेसरला नवा लॅपटॉप जोडायचा आहे, जाणकारांनी मार्ग सुचवा

सुरंगी

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. एका संशोधन संस्थेने नवी यंत्रं घेतली तेव्हा तिथला जुना एनडी-याग लेसर आमच्या विभागाला मिळाला. फ्लॅशलॅम्पवर (लखलखणाऱ्या दिव्यावर) चालणारा, क्यू-स्विच (साठलेली ऊर्जा एका झटक्यात सोडणारी झडप) असलेला, सेकंदाला १० स्पंद देणारा. मूळ तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर, पुढे स्फटिक लावला की ५३२. सोबत नेमक्या अंतराने ट्रिगर देणारा डीजी५३५ डिले जनरेटर, प्रकाशातली एकेक तरंगलांबी निवडणारा स्टेपर मोटरवाला मोनोक्रोमेटर आणि हे सगळं चालवणारा विंडोज ९८ चा संगणक.

लेसर ठणठणीत आहे. पॅनेलवरच्या बटणांनी चालवला की बर्न पेपरवर गोल, स्वच्छ डाग उमटतो. संगणकाने मात्र राम म्हणायची तयारी केली आहे. डिस्क खरखरते, मनात आलं तर चालू होतो.

मला हा सगळा संच नव्या लॅपटॉपवरून चालवायचा आहे. लेसरच्या वीजपुरवठ्याच्या पाठीमागे २५ पिनांचा सिरियल पोर्ट आहे, शिवाय लॅम्प ट्रिगर आणि क्यू-स्विच ट्रिगर अशी दोन बीएनसी (गोल, सिग्नलच्या केबलची) सॉकेटं. डिले जनरेटरला जीपीआयबी, म्हणजे यंत्रं जोडायची जुनी बस. मोनोक्रोमेटर संगणकात आत बसवलेल्या जुन्या पद्धतीच्या आयसा कार्डाला. लॅपटॉपला यातलं काहीच थेट लागत नाही.

काम काय, तर लिब्स. स्पंद नमुन्यावर केंद्रित केला की ठिणगी उडते आणि तिच्या प्रकाशात मूलद्रव्यांच्या रेषा दिसतात. काळबादेवीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे, म्हणजे लोह आणि टायटॅनियम. टायटॅनियमच्या रेषा ४९८ ते ५०१ नॅनोमीटरच्या पट्ट्यात दाटीने येतात. जांभ्यात अ‍ॅल्युमिनियम भरपूर, त्याची जोडी ३९४.४ आणि ३९६.१५ ला. आमच्या मुलांनी आपल्या पायाखालची माती स्वतःच्या प्रयोगशाळेत तपासावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. यंत्र चालत असताना केवळ संगणक मेला म्हणून ते भंगारात जाणं मला पटत नाही.

मुलांना थोडंफार पायथन येतं. कुठून सुरुवात करू?

बावनकशी

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हा खटाटोप करू नका. फ्लॅशलॅम्पचं आयुष्य काही कोटी स्पंदांचं असतं, आणि तुमच्या दिव्याने आधीच्या ठिकाणी किती स्पंद मारलेत कोण जाणे. थंड करायला डीआयोनाइज्ड पाणी लागणार, आतले सील जुने, वर आपली दमट हवा. संगणक जोडण्यात सहा महिने घालवाल आणि सातव्या महिन्यात दिवा जाईल. त्यापेक्षा निधीसाठी प्रस्ताव पाठवा आणि डायोड पंप केलेला छोटा लेसर घ्या. तो यूएसबीवर चालतो.

ओहोटी

बावनकशी, प्रस्ताव मंजूर होईपर्यंत ही मुलं एम.एस्सी. होऊन नोकरीला लागलेली असतील. :)

खाजण

सुरंगीताई, बावनकशींचा दिव्याचा मुद्दा खरा आहे. वीजपुरवठ्यावर शॉट काउंटर असेल तर आकडा आधी टिपून ठेवा. पण खटाटोप करू नका हे मला मान्य नाही. मी आयुष्यभर उपकरणं दुरुस्त केली. त्या काळच्या यंत्रांचं एक मोठं सुख म्हणजे ती साध्या मजकुरात बोलतात. अक्षरं पाठवायची, अक्षरं परत येतात. कुठलंही कुलूप नाही, परवाना नाही.

आधी सिरियलचं सांगतो, बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

२५ पिनांचं सॉकेट दिसलं म्हणून ते आरएस-२३२ च असेल असं धरून चालू नका. मल्टिमीटर घ्या. यंत्र चालू करून ७ नंबरच्या पिनला, म्हणजे ग्राउंडला, काळी वायर लावा आणि लाल वायरीने २ आणि ३ तपासा. ज्या पिनवर उणे ५ ते उणे १२ व्होल्टच्या आसपास दिसेल ती त्या यंत्राची बोलण्याची पिन. आरएस-२३२ मध्ये लाइन रिकामी असताना उणे व्होल्टेज असतं. तिथे उणे न दिसता ५ व्होल्ट दिसले तर पातळी टीटीएलची (० ते ५ व्होल्टची) आहे, मध्ये पातळी बदलणारी मॅक्स२३२ चिप घालावी लागेल.

दुसरं. ९ पिनांच्या पोर्टात २ वर ऐकणं आणि ३ वर बोलणं, ग्राउंड ५ वर. २५ पिनांच्यात संगणकाच्या बाजूने पाहिलं तर २ वर बोलणं आणि ३ वर ऐकणं. त्यामुळे बाजारात मिळणारी केबल सरळ आहे की उलटी हे खुणेवरून ठरवू नका, बीप लावून तपासा.

तिसरं. तारा बरोबर असूनही यंत्र गप्प राहिलं तर ते बहुधा सीटीएसची, म्हणजे 'पाठव' या इशाऱ्याची वाट बघत असतं. २५ पिनांच्या बाजूला ४ आणि ५ एकमेकांना जोडून बघा. बऱ्याचदा तेवढ्यावर बोलू लागतं.

यूएसबी-सिरियल वायर घेताना आत कुठली चिप आहे ते विचारा. नकली चिपांचा सुळसुळाट आहे. २०१४ साली या चिपा बनवणाऱ्या एफटीडीआय कंपनीच्या एका ड्रायव्हरने नकली चिपांचा ओळखक्रमांकच शून्य करून टाकला होता आणि लोकांच्या वायरी एका रात्रीत मुक्या झाल्या होत्या. प्रोलिफिक या दुसऱ्या कंपनीचे नवे ड्रायव्हरही जुन्या चिपांना दाद देत नाहीत.

पोफळी

खाजणकाका, सिरियलचं इतकं स्वच्छ कुणी सांगितलेलं मी वाचलं नव्हतं. मी जीपीआयबीचं सांगते. (मूळची गुहागरची, सध्या पुण्यात, दिवसभर हेच काम.)

जीपीआयबी ही ह्यूलेट-पॅकार्डची बस, १९७५ मध्ये आयईईई-४८८ म्हणून प्रमाणित झाली. २४ पिनांचं जाडजूड कनेक्टर, एकावर एक चढवता येतं. एका बसवर संगणक धरून १५ यंत्रं, एकूण केबल २० मीटरपर्यंत. प्रत्येकाला ० ते ३० मधला पत्ता. पत्ता बहुधा मागच्या छोट्या स्विचांवर असतो, काहींवर पुढच्या बटणांनी लावायचा.

कनेक्टरचे स्क्रू नीट बघा. काळे असतील तर मेट्रिक आटे, चंदेरी असतील तर इंची. काळा स्क्रू चंदेरी खांबात रेटला की आटे गेलेच. दान आलेल्या सामानात दोन्ही प्रकार मिसळलेले असतात.

लॅपटॉपला जोडायला यूएसबी-जीपीआयबी अडॅप्टर लागेल. नामांकित महाग मिळतात. खर्च झेपत नसेल तर एआर४८८ नावाचा मुक्त प्रकल्प आहे, साध्या आर्डुइनोचा जीपीआयबी कंट्रोलर होतो. एक-दोन यंत्रांना पुरेसा आहे. बसवर गर्दी असेल तर मात्र एसएन७५१६० आणि ७५१६१ या खास बफर चिपा घाला, आर्डुइनोच्या पिनांवर सगळा भार टाकू नका.

सॉफ्टवेअरमध्ये पायव्हिसा आणि पायसिरियल या पायथनच्या लायब्रऱ्या पुरेत. एक गोष्ट मुलांना आधीच सांगून ठेवा. इंटरनेटवर सगळीकडे लिहिलेलं असतं की आधी स्टार-आयडीएन विचारा, यंत्र नाव सांगेल. ती आज्ञा १९८७ च्या आयईईई-४८८.२ मध्ये आली. त्याआधी रचलेलं यंत्र त्यावर उत्तर देणार नाही, उलट एरर दाखवेल. म्हणजे ते बिघडलंय असं नाही. त्याच्या मॅन्युअलमधली एखादी निरुपद्रवी आज्ञा पाठवून बघा.

आणि ओळीचा शेवट. कुणाला कॅरेज रिटर्न हवा, कुणाला लाइन फीड, कुणाला दोन्ही. उत्तर येत नाही अशा दहा तक्रारींतल्या बऱ्याचशा इथे सुटतात.

तिरफळ

ताई, ता जुना कंप्युटर फेकून टाकू नको हां. तसलोच एक माझ्या पोटमाळ्यार पडलेलो आसा, आयसा स्लॉट सकट. कणकवलेक येवा आणि घेवन जावा. पैशे नको, पोरां शिकली म्हणजे झाला.

सुरंगी

तिरफळदादा, मनापासून आभार. नक्की येणार.

काका, मल्टिमीटरने बघितलं. ३ नंबरवर उणे ९ च्या आसपास आहे. म्हणजे आरएस-२३२ च. पोफळीताई, स्क्रू काळे आणि चंदेरी दोन्ही निघाले. वेळेवर सांगितलंत.

ओहोटी

एक शंका. डीजी५३५ कशाला हवा? पायथनमधून लॅम्पला ट्रिगर द्यायचा, थोडं थांबायचं, क्यू-स्विचला द्यायचा. एक स्लीप आणि दोन ओळी.

दीपस्तंभ

नाही. आणि इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण या धाग्यावरचं वाचून कुणी तसं करायला नको.

फ्लॅशलॅम्प पेटला की यागच्या दांड्यात ऊर्जा साठू लागते. निओडिमियमच्या वरच्या पातळीचं आयुष्य सुमारे २३० मायक्रोसेकंद. म्हणून दिव्यानंतर साधारण १५० ते २५० मायक्रोसेकंदांत क्यू-स्विच उघडला तर जास्तीत जास्त ऊर्जा काही नॅनोसेकंदांच्या एका स्पंदात बाहेर पडते. लवकर उघडलात तर ऊर्जा साठलेली नसते, उशीर झाला तर ओसरलेली असते. विंडोजवरचा पायथन प्रोग्राम यूएसबीतून सिग्नल देताना मिलिसेकंदांनी मागेपुढे होतो. एफटीडीआय चिपचा लेटन्सी टायमरच मुळात १६ मिलिसेकंदांवर लावलेला येतो. जिथे १८० मायक्रोसेकंद नेमके हवेत तिथे हे चालणारच नाही.

डीजी५३५ त्याच कामासाठी बनला आहे. चार चॅनेल, ५ पिकोसेकंदांची पायरी. ए वरून दिवा, ए नंतर १८० मायक्रोसेकंदांनी बी वरून क्यू-स्विच, बी नंतर साधारण एक मायक्रोसेकंदाने सी वरून ऑसिलोस्कोप. लिब्समध्ये ठिणगीचा सुरुवातीचा पांढरा झगमगाट ओसरू द्यावा लागतो, मगच रेषा स्वच्छ दिसतात. लॅपटॉपने फक्त हे आकडे एकदा लिहायचे आणि बाजूला व्हायचं. पुढे लॅपटॉप अडकला, अपडेट सुरू झाला, तरी वेळ चुकणार नाही.

ऊर्जा कमी-जास्त करायची असेल तर दिव्याचा व्होल्टेज न हलवता क्यू-स्विचचा डिले हलवा. दांड्याचं तापमान तेच राहतं, त्यामुळे झोताचा आकार बदलत नाही. नमुन्यावर सेकंदाला एकच स्पंद हवा असेल तरी दिवा १० हर्ट्झवरच ठेवा आणि क्यू-स्विच दहात एकदा उघडा. हा लेसर १० हर्ट्झच्या उष्णतेसाठीच जुळवलेला असतो.

खाजण

दीपस्तंभ, शब्दन् शब्द मान्य, फक्त एक पुरवणी. उद्या डीजी५३५ बंद पडला तर मार्ग आहे. मायक्रोकंट्रोलरमधला हार्डवेअर टायमर वापरता येतो. आर्डुइनोचा १६ मेगाहर्ट्झचा टायमर ६२.५ नॅनोसेकंदांच्या पायऱ्यांनी मोजतो. दिवा आणि क्यू-स्विच यांच्यासाठी तेवढं पुष्कळ झालं. अट एकच, लेसरचं इनपुट ५० ओहमचं असेल तर आर्डुइनोची पिन थेट लावू नका. ५ व्होल्टला १०० मिलिअ‍ॅम्पियर होतात, पिनची कमाल मर्यादा ४० ची. मध्ये लाइन ड्रायव्हर घाला.

दीपस्तंभ

ते चालेल. माझा आक्षेप लॅपटॉपच्या हाती वेळ देण्याला आहे, मायक्रोकंट्रोलरला नाही.

आता सुरक्षा. हा वर्ग ४ चा लेसर आहे. १०६४ डोळ्याला दिसत नाही, पण थेट दृष्टिपटलापर्यंत पोचतो. ४०० ते १४०० नॅनोमीटरचा प्रकाश डोळा आत घेतोच. चष्मे १०६४ आणि ५३२ या दोन्ही तरंगलांबींचे हवेत, एकाच तरंगलांबीचे असतील तर उपयोग नाही.

रिमोट इंटरलॉकचं सॉकेट शोधा, दोन तारांचं असतं. दरवाज्याचा स्विच आणि लाल बटण त्या तारांत सलग जोडा, वायर तुटली तर लेसर बंद झाला पाहिजे. हा मार्ग संगणकातून जाता कामा नये. स्क्रीनवर 'लेसर बंद' असं दिसणं हा पुरावा नव्हे, तो फक्त प्रोग्रामचा समज आहे. मला माहीत असलेल्या एका प्रयोगशाळेत प्रोग्राम अडकला, खिडकीत 'थांबलेला' असंच दिसत राहिलं आणि दिवा आपला पेटतच होता. इंटरलॉक तारेने जोडलेला होता म्हणून दार उघडताच बंद पडला, कुणाला इजा झाली नाही.

काही वीजपुरवठ्यांत वॉचडॉग असतो, ठरावीक वेळात संगणकाकडून काही आलं नाही तर लेसर आपणहून थांबतो. तुमच्यात असेल तर कटकट वाटली तरी बंद करू नका.

आणि लेसर चालू असताना चहा मागवू नका. चहा आणणारा चष्म्याशिवाय आत येतो.

ओहोटी

समजलं, दीपस्तंभ सर. दोन ओळी मागे घेतो. चहा आधीच पिऊन घेतो.

कातळकडा

मी इलेक्ट्रिशियन, राजापूरचा. तुमच्या चर्चेतलं अर्धं माझ्या डोक्यावरून गेलं, पण एक विचारतो. अर्थिंग तपासलंय का?

आपल्याकडे इमारत थेट कातळावर बसलेली असते. जांभ्यात पावसाळ्यात अर्थिंग बरं मिळतं, आणि मार्च-एप्रिलमध्ये खड्डा कोरडा पडला की रेझिस्टन्स वर जातो. कोळसा-मीठ घालून खड्डा केलेला असला तरी त्यात कुणी पाणी घालत नाही. या यंत्रात वीज साठवणारी कपॅसिटर बँक असणार, म्हणजे दर स्पंदाला मोठा करंट धडकन सुटणार. तारीख टाकून अर्थ टेस्टरने मोजून घ्या. पावसात एकदा, मे महिन्यात एकदा.

आणि मे अखेरीस व परतीच्या पावसात ढग गडगडायला लागले की लांब केबली काढून ठेवा. सर्ज प्रोटेक्टर लावलात म्हणून बिनधास्त राहू नका.

पोफळी

कातळकडा, तुमच्या डोक्यावरून काही गेलेलं नाही. तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. फ्लॅशलॅम्पच्या लेसरजवळ यूएसबी अडकणं ही नेहमीची तक्रार आहे. दिवा पेटला की पोर्ट गायब, वायर काढून लावली की परत. लोक ड्रायव्हर बदलत बसतात. खरं कारण डिस्चार्जच्या वेळी ग्राउंडमधून आणि हवेतून येणारा धक्का. यूएसबी केबल जेमतेम हातभर ठेवा, तिच्यावर फेराइटचं (गोंगाट अडवणारं) कडं घाला, आणि लांबचं अंतर सिरियलने काटा, तेही ऑप्टिकल आयसोलेटर लावून. शक्य असेल तर फायबर.

अष्टागर

यावरून आमच्या अलिबागची गोष्ट सांगायलाच हवी. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद व्हायची. मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या येणार असं ठरलं, तेव्हा त्या करंटमुळे नोंदी बिघडणार हे उघड होतं. नानाभाई मूस तेव्हा संचालक होते. त्यांनी चुंबकीय काम अलिबागला हलवलं, १९०४ पासून ते इथे सुरू आहे. इमारत बांधताना लोखंड टाळलं, चुंबकीय नसलेला दगड पोरबंदरहून आणला. विद्युत गोंगाट यंत्राजवळून हटत नसेल तर यंत्रच गोंगाटापासून दूर न्यायचं, हे त्यांनी शंभरहून जास्त वर्षांपूर्वी करून दाखवलं. सुरंगीताई, लॅपटॉप लेसरच्या टेबलावर न ठेवता पलीकडच्या खोलीत ठेवता येईल का बघा. डोळ्यांचीही काळजी मिटेल.

गलबत

अलिबाग आलं तर विजयदुर्गही येऊ द्या. झोत जुळवायला तुम्ही हेलियम-निऑन वापराल ना, ६३२.८ चा लाल? त्यातला हेलियम विजयदुर्गाच्या साहेबाच्या कट्ट्यावर सापडला! १८६८ च्या ग्रहणात.

अष्टागर

गलबत, विजयदुर्गावर माझंही तितकंच प्रेम आहे, पण हे असं नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन गुंटूरला होते. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरनी सूर्यप्रकाशातली हेलियमची पिवळी रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पाहिली, आणि ती इंग्लंडमधून. ते विजयदुर्गावर आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅम्से यांनी पृथ्वीवरच हेलियम वेगळा करून तीन वर्षं झाली होती.

गलबत

शाळेत आम्हाला वेगळंच सांगितलं होतं. तरी १८९८ ला लॉकियर वर्णपटमापकं घेऊन आपल्या किल्ल्यावर उतरले होते हे काय कमी आहे? सुरंगीताईंची मुलं आता तेच काम वाळूवर करणार.

बावनकशी

इतिहास निघालाच आहे म्हणून भर घालतो. कार्बन डायऑक्साइड लेसर १९६४ मध्ये बेल लॅब्जमध्ये तयार करणारे कुमार पटेल बारामतीत जन्मलेले, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ ला पदवी घेतलेले. आज साइनबोर्ड कापायच्या दुकानात जो १०.६ मायक्रॉनचा झोत चालतो तो त्यांचाच.

मूळ विषयावर माझं मत थोडं बदललंय. हा लेसर फार वर्षं टिकणार नाही हे अजूनही म्हणतो. पण हे सगळं जोडताना मुलं जे शिकतील ते यूएसबीच्या डबीतून मिळणार नाही, हे मान्य.

सुरंगी

सगळ्यांचे आभार, बावनकशींचे जास्त. शॉट काउंटर सापडला, दिव्याचं अर्ध्याहून जास्त आयुष्य शिल्लक दिसतंय.

प्रगती: जीपीआयबी चालू झाला. आर्डुइनोवर एआर४८८ चढवून मुलांनी डीजी५३५ चा डिले लॅपटॉपवरून बदलला, समोरच्या पॅनेलवर १८० मायक्रोसेकंद उमटले तेव्हा वर्गात टाळ्या पडल्या. ऑसिलोस्कोपवर दोन्ही स्पंद नेमके दिसतात. लेसर अजून जोडलेला नाही. आधी इंटरलॉक होणार, दाराचा स्विच कातळकडांच्या ओळखीतलेच एक जण लावून देतायत.

आता दोन अडचणी. लेसरच्या सिरियल आज्ञांचं मॅन्युअल मिळत नाही. जुना प्रोग्राम संगणक चालू झाला तर त्या आज्ञा पाठवतो, पण त्याचा सोर्स नाही. आणि मोनोक्रोमेटरचा डॉसमधला प्रोग्राम आम्ही नव्या संगणकात टाकून बघितला तर 'रनटाइम एरर २००' म्हणून बंद पडतो.

खाजण

सर्वात आधी जुन्या डिस्कची पूर्ण प्रत काढा. आजच. संगणक चालू होतोय तोवर. आयडीई-यूएसबी अडॅप्टरने (आयडीई म्हणजे जुन्या डिस्कची जोडणी) लिनक्समध्ये डीडी हा प्रत काढणारा प्रोग्राम चालवा, वाचता न येणारे भाग असतील तर डीडीरेस्क्यू. ती प्रत कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डावर टाकून आयडीई अडॅप्टरवर बसवली की खरखरणारी डिस्क काढून टाकता येते. मदरबोर्डवरची बॅटरीही बघा. काही जुन्या बोर्डांवर निकेल-कॅडमियमची असते, ती गळते आणि आजूबाजूचे तांब्याचे मार्ग हिरवे पडतात. आपल्या खाऱ्या हवेत ते फार भराभर होतं.

मग आज्ञा ऐकायच्या. जुना संगणक आणि लेसर यांच्यामध्ये जोड-केबल घाला, त्यातून दोन फाटे काढा. एक बोलण्याच्या तारेवरून, एक ऐकण्याच्या. दोन्ही फाटे लॅपटॉपच्या दोन यूएसबी-सिरियल वायरींच्या फक्त ऐकण्याच्या पिनांना. लॅपटॉपची बोलण्याची पिन कुठेही जोडायची नाही. जुन्या प्रोग्राममध्ये एक बटण दाबा, काय गेलं आणि काय आलं ते लिहा. मग दुसरं. व्होल्टेज एका पायरीने वाढवा आणि कुठला आकडा बदलतो ते बघा. शेवटी एखादं अक्षर सतत बदलताना दिसलं तर ती चेकसम (संदेश बरोबर पोचला का ते तपासायचा आकडा) असेल, आधीच्या बाइटांची बेरीज करून पडताळा. एका दुपारी निम्म्या आज्ञा उलगडतात. लॉजिक अ‍ॅनालायझर वापरणार असाल तर तो ५ व्होल्टचा असतो, आरएस-२३२ ची तार त्याला थेट लावू नका.

पोफळी

एरर २०० ओळखीचा आहे. टर्बो पास्कलच्या सीआरटी युनिटमध्ये सुरुवातीला संगणकाचा वेग मोजणारा एक लूप आहे. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या प्रोसेसरवर त्यातला भागाकार मावत नाही आणि प्रोग्राम पडतो. त्या ईएक्सई फाइलला लावायचे पॅच कित्येक वर्षांपासून उपलब्ध आहेत. पण नव्या संगणकात ते आयसा कार्ड बसणार नाहीच, मग पॅच करून मिळणार काय? तिरफळदादांच्या संगणकासाठी हवं तर ठेवा.

माझं मत, मोनोक्रोमेटरचं कार्ड सोडून द्या. आत शेवटी एक स्टेपर मोटर आणि दोन लिमिट स्विच आहेत. मोटरच्या तारा ओममीटरने जोड्या लावून शोधा, रेटिंग बघून नवा ड्रायव्हर लावा आणि आर्डुइनोतून पायऱ्या द्या. लिमिट स्विच मात्र आधी जोडा, ग्रेटिंगचा स्क्रू टोकाला आदळायला नको. दर वेळी तरंगलांबीकडे एकाच दिशेने या, म्हणजे गिअरमधली ढिलाई मोजमापात येणार नाही. पारा दिव्याच्या ५४६.१ आणि ४३५.८ च्या रेषांवर पायऱ्यांचा हिशोब बसवा.

दीपस्तंभ

सिरियल ऐकताना झाकण उघडावंसं वाटेल, उघडू नका. बंद केल्यावरही कपॅसिटर बँकेत जीव घेण्याइतका चार्ज राहू शकतो. ते काम डिस्चार्ज रॉड घेऊन माहीतगारानेच करायचं. आणि अनोळखी आज्ञा लॅपटॉपवरून पहिल्यांदा पाठवाल तेव्हा शटर बंद, समोर बीम डंप (झोत शोषून घेणारा ठोकळा), सगळ्यांना चष्मे.

तिरफळ

संगणक पुसून ठेवलंय. शनिवारी येवा. जेवूनच जावचा, सोलकढी केलेली आसतली.

सुरंगी

शनिवारी येतो, दोन विद्यार्थी सोबत. डिस्कची प्रत निघाली, दोन ठिकाणी ठेवली. मोनोक्रोमेटरसाठी पोफळीताईंचा मार्ग धरतेय, पारा दिवा विभागात आहेच.

शेवटचं एक. ५३२ साठीचा स्फटिक केडीपी जातीचा आहे आणि त्याच्या डबीला हीटर आहे. आता जून जवळ आला. सुट्टीत हे सगळं बंद करून ठेवू का?

दीपस्तंभ

हीटर बंद करू नका. केडीपी जातीचे स्फटिक हवेतलं पाणी ओढतात, पृष्ठभाग धूसर झाला की पॉलिश केल्याशिवाय सुधारत नाही. हीटर चालू ठेवायचा म्हणजे मुख्य वीजपुरवठा चालू ठेवावा लागत असेल, तर स्फटिक डबीसकट काढून सिलिका जेल घातलेल्या बंद डेसिकेटरमध्ये (हवा कोरडी ठेवणाऱ्या भांड्यात) ठेवा, थंड होऊ देऊनच काढा. लिब्ससाठी १०६४ पुरतो, त्यामुळे पावसाळाभर स्फटिकाशिवायही काम चालेल. थंड करायचं पाणी मात्र सुट्टीभर आत साचू देऊ नका. आठवड्यातून एकदा पंप फिरवायला माणूस असेल तर ठेवा, नसेल तर पूर्ण काढून सुकवा.

कातळकडा

आणि हीटर चालू ठेवणार असाल तर त्याला वेगळा छोटा यूपीएस द्या, लेसरच्या लाइनवर नको. लाइट गेली तरी चालू राहील. बॅटरी आधी मोजून घ्या, मी शनिवारी कणकवलीलाच आहे, टेस्टर घेऊन येतो.